गांवानें राखलेलें रान

विहिरीचें पाणी मार्चांतच कां आटतें, असें विचारल्यास आपला खानदेशी शेतकरी पावसास दोष देतो. परंतु पडलेला पाऊस मुरतो कोठें, हाही प्रश्न त्यानें स्वतःस विचारावा. या दृष्टीनें धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत असलेल्या बारीपाडा या लहानशा आदिवासी गांवाची हकीकत मननीय आहे.

१९९० च्या सुमारास तेथील डोंगर उघडे पडले होते व उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याचीही वाण पडे. श्री. चैत्राम पवार (यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली) व त्यांचे गांवकरी यांनीं सुमारें ११०० एकर रान राखण्याचें ठरविलें. आरंभ लागवडीनें नव्हे, तर राखणीनें झाला, हें विशेष. कुऱ्हाड व चराई बंद केली, राखणदार नेमले, मोडेल त्यास दंड ठेविला. दरवर्षीं त्याच खड्ड्यांत नवें रोप लावण्याचे समारंभ आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांपेक्षां हा मार्ग स्वस्त व खात्रीचा होय. कारण साग, पळस, धावडा यांचीं खोडें तोडलीं तरी मुळें जिवंत असतात. गुरांच्या तोंडांतून कांहीं पावसाळे वांचलीं कीं तीं आपणच धुमारे फोडतात. पुढें पालापाचोळा सांचून पावसाचा मार मातीस लागत नाहीं, पाणी डोंगर धुऊन नेण्याऐवजीं खडकाच्या भेगांत उतरतें, आणि पायथ्याच्या विहिरीस झरा लागतो. बारीपाड्यास हाच अनुभव आला. रानभाज्या मिळाल्या त्या निराळ्याच. २००४ पासून तेथें रानभाज्यांच्या पाककलेची स्पर्धा भरते.

“आमच्याकडे तितका पाऊस कोठें?” असें कोणी म्हणतील. त्यांनीं धुळें तालुक्यांतील कोरडवाहू लामकानी पहावी. तेथें चराईबंदीनें उजाड टेकड्यांवर गवत परत आलें. गवत विळ्यानें कापून गोठ्यांत घालावें. मोकळीं गुरें खातात त्याहून अधिक तुडवितात.

खरी अडचण मात्र निराळी आहे. चराई बंद झाली म्हणजे बागाईतदाराच्या विहिरीस पाणी वाढतें, पण चार शेळ्यांवर पोट भरणाऱ्या भूमिहीनाचा चारा त्याच दिवशीं तुटतो. त्यास न विचारतां केलेली बंदी रात्रीं मोडली जाते, व त्याचा दोष आम्ही त्यास देत नाहीं. म्हणून प्रथम रानाचा एकच भाग बंद करावा, बाकीचा चराईस मोकळा ठेवावा, आणि कापलेल्या गवतांत पहिला वांटा त्यास द्यावा. हा खर्च जमीनदार शेतकऱ्यांनींच सोसला पाहिजे.

गायरान असल्यास ग्रामसभेंत ठराव करून घ्यावा. जंगलखात्याची जमीन असल्यास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें पात्र गांवाच्या ग्रामसभेस सामूहिक हक्क मागतां येतो. उतारावर समपातळी चर पावसापूर्वीं खणावे. यावल-चोपड्याकडील बांधवांनीं अंजनास विसरूं नये. त्याचा पाला गुरें आवडीनें खातात, व शेंगा एप्रिल-मेमध्यें पिकत असल्यामुळें ताजें बीं पहिल्या पावसाबरोबर चरांच्या कांठीं टोंचतां येतें.