आधी ‘केव्हा’ ते विचार

चि. ओंकार,

गाडी न्यूट्रलला उभी असली की खडखड, जरा रेस दिली की बंद. तेव्हा इंजिनाचं फाउंडेशन बदलू की सायलेन्सर, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर असं, की अजून काहीच बदलू नकोस. आवाज कसा येतो हे तू बारकाईने लिहिलंस, पण तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो हे अर्ध्या ओळीत उरकलंस. खरी माहिती त्या अर्ध्या ओळीत आहे. एकाला जी खडखड वाटते ती दुसऱ्याला तडतड वाटते, तिसरा तिलाच खुळखुळ म्हणतो. शिवाय आवाज जागाही फसवी सांगतो: मागच्या पत्र्याची झणझण पाइपातून आणि फ्लोअरमधून पुढे येते आणि ड्रायव्हरला ती डॅशबोर्डखाली ऐकू येते. क्लच दाबल्यावर आवाज थांबला की नाही, यावर मात्र दोघांचं दुमत होत नाही.

उभ्या गाडीतच आवाज का येतो, ते आधी नीट समजून घे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतो. आयडलिंग ७५० आरपीएम धरलं, तर सेकंदाला साडेबारा फेरे आणि २५ धक्के. तीन सिलिंडरच्या इंजिनात हेच धक्के १९च्या आसपास उतरतात आणि जास्त जाणवतात. ते इंजिन आयडलिंगला मुळातच जरा थरथरतं, त्यात बिघाड शोधू नये. इतके संथ धक्के रबरी फाउंडेशनला पुरते गिळता येत नाहीत, ते बॉडीपर्यंत पोचतात. तिथे एखादा सैल पत्रा किंवा कंस त्याच लयीत डोलायला लागला की खडखड सुरू. रेस दिली की लय बदलते आणि पत्रा गप्प बसतो. म्हणजे तुझ्या अर्ध्या ओळीनेच संशय इंजिनाच्या पोटातून बाहेर टांगलेल्या वस्तूंवर आणला. कारण आतली झीज बहुधा रेसबरोबर थांबत नाही. तिची टकटक फेऱ्यांबरोबर जलद होत जाते.

आता हाच प्रश्न पुढे चालव. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येऊन थांबत असेल, तर टायमिंग चेनकडे बघ: रात्रभरात टेन्शनरमधलं ऑइल उतरतं, ते पुन्हा भरेपर्यंत चेन ढिली राहते. न्यूट्रलला असलेला आवाज क्लच दाबताच गेला, तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट थांबला म्हणून तो गेला. तपास गिअरबॉक्स आणि क्लच प्लेटकडे वळव. उलट दाबल्यावरच आला तर रिलीज बेअरिंग. एसी लावल्यावरच येत असेल तर जरा फसगत आहे, कारण कॉम्प्रेसरही दोषी असू शकतो आणि त्याच्या ओझ्याने थरथरणारं इंजिनही. तिथे एसी चालू ठेवूनच रेस थोडी वाढव. आवाज दबला तर फाउंडेशन किंवा सैल पत्रा, टिकला तर कॉम्प्रेसर किंवा त्याची पुली. गरम इंजिनावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर मात्र हे सगळं सोड आणि इंजिन ताबडतोब बंद कर. ऑइलचं प्रेशर सर्वांत कमी असतं ते तेव्हाच.

तुझ्या वर्णनावरून माझा पहिला संशय सायलेन्सरवरच्या हीट शील्डवर आहे. पातळ पत्रा, कायम उष्णता, वरून पावसाळ्याचा चिखल. बोल्टभोवतीचं भोक गंजून मोठं होतं आणि पत्रा सुटा होतो. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून लांब लाकडी काठीने तो दाबून धर. आवाज थांबला तर निदान झालं. बोल्टच्या डोक्याखाली मोठा वायसर घाल, किंवा पत्रा आणि पाइप यांना मिळून स्टेनलेस स्टीलची होज क्लिप आवळ. कोणी सांगेल, पत्राच काढून टाक, खडखड कायमची जाईल. जाईल, पण सायलेन्सरच्या पाइपातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शेकडो अंशांपर्यंत तापतो. त्याची धग वरच्या वायरी, रबर आणि फ्लोअरपर्यंत जाऊ नये म्हणून तो पत्रा आहे. खालचा पत्रा काढलेली गाडी मार्च-एप्रिलात माळावरच्या वाळल्या गवतात उभी राहिली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पत्रा घट्ट असूनही आवाज राहिला तर पाइप पूर्ण थंड होऊ दे आणि कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोक. आत खुळखुळलं तर जाळी फुटली आहे. पण लगेच नवा बसवू नकोस. इंजिन मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. मूळ दोष ठेवून घातलेला महागडा नवा पार्टही त्याच वाटेने जाईल.

यावर तू म्हणशील, जुने मिस्त्री नुसत्या कानाने दोष सांगतात. सांगतात, पण त्यांचं बघ जरा: बोलता बोलता ते रेस देतात, क्लच दाबतात, एसीचं बटण फिरवतात. कानाचं कौतुक होतं, प्रश्न कोणाच्या लक्षात येत नाहीत. स्कॅनर लावला की झालं, असंही म्हणतील. मिसिंग पकडायला तो उत्तमच, पण सैल पत्र्याला सेन्सर नसतो. म्हणून स्कॅनर कोरा निघाला याचा अर्थ गाडी निर्दोष असा होत नाही. जाड ऑइल घालून आवाज दाबण्याचा सल्ला तर ऐकूच नकोस. कंपनीने सांगितल्यापेक्षा जाड ऑइल थंडीत टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं, म्हणजे ज्या चेनची खडखड लपवायची तिलाच ते जास्त वेळ ढिली ठेवतं. घाईतलं गिऱ्हाईक ‘दोन-तीन पार्ट एकदम बदला’ म्हणेल. त्याला खर्चाचा आकडा सांग, आणि हेही सांग की आवाज गेला तरी कुठल्या पार्टमुळे गेला ते कळणार नाही.

काम करताना हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी लावलेली आणि गॅरेजचं शटर उघडं असू दे. रेडिएटरचा पंखा आपोआप फिरायला लागतो, म्हणून आधीच बाह्या वर सरकव. गाडीखाली शिरायचं तर स्टँड लावून. नुसत्या जॅकवर कधीही नाही. पुढच्या पत्रात कुठला पार्ट टाकलास ते नको. थंड इंजिनावर, क्लच दाबल्यावर, एसी लावल्यावर आणि काठीने पत्रा दाबल्यावर काय झालं, एवढंच लिही.

तुझा,
मामा