जवळा कोणता आणि कोळंबीचे पिल्लू कोणते?

तलासरी तालुक्यातील अच्छाड हे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेलगत वसलेले आहे. समुद्र तेथून काही कोस पश्चिमेस राहतो. तरीही या भागातील खेड्यांना सुका जवळा परका नाही. किनाऱ्यावर वाळविलेली मासळी आठवड्याच्या बाजारांतून आतल्या पाड्यांपर्यंत पोचते. पावसाळ्यात भाकरीबरोबर मूठभर जवळा उपयोगी पडतो, आणि कोंबड्या पाळणारे त्याचा चुरा खाद्यात मिसळतात.

परंतु टोपलीत जवळा म्हणून जे असते, ते सर्व जवळाच असते असे नाही. त्यात करंदी असते, बारीक मासे असतात, आणि पुष्कळदा मोठ्या जातीच्या कोळंबीची पिल्लेही असतात. पहिल्या दोहोंबद्दल फारसे बोलण्याचे कारण नाही, पिल्लांबद्दल आहे. जवळा हा एक-दीड इंचाचा असतानाच पूर्ण वाढलेला प्राणी होय. त्याचे आयुष्य काही महिन्यांचे असते आणि याहून तो फारसा मोठा होत नाही. उलट वाघी कोळंबीचे तेवढेच पिल्लू जगू दिल्यास फूटभर लांबीचे होऊ शकते. दोन्ही एकाच भावाने, एकाच मापाने विकली जातात, तेव्हा ग्राहकाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते पुढील हंगामात जाळे टाकणाऱ्याचे. म्हणून या दोहोंतील भेद ग्रामसेवकास व मासळीशी संबंध असणाऱ्या शेतकऱ्यास डोळ्यांनी करता आला पाहिजे.

आकारावरून हा भेद कळत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. गावोगावीची नावेही येथे फारशी कामास येत नाहीत, कारण ती बहुधा आकारावरूनच पडलेली आहेत. एका बंदरावर ज्यास करंदी म्हणतात, त्यास दुसऱ्या बंदरावर निराळे नाव असते. प्राण्याचे अवयव मात्र बंदराबरोबर बदलत नाहीत.

ओळखण्याची रीत अशी आहे. टोपलीच्या वरून, मधून व तळातून थोडा थोडा माल घेऊन तो एकत्र करावा. माल सुका असल्यास थोडा वेळ पाण्यात भिजू द्यावा. सुक्या मालाचे पाय हात लावताच तुटतात आणि मोजदाद चुकते. मग पांढऱ्या थाळीत पाणी घालून एकेक नग त्यात उताणा ठेवावा व साध्या भिंगाने पाहावा. शाळेत असते तेवढे भिंग पुरेसे होते.

छातीखालील चालण्याचे पाय आधी मोजावेत. कोळंबीस अशा पायांच्या पाच जोड्या असतात. पिल्लू कितीही लहान दिसो, टोपलीत येण्याइतके वाढलेले असेल तर पाचही जोड्या दिसतात. जवळ्यास मात्र तीनच जोड्या असतात. चौथी व पाचवी त्यास नसते. पोटाखालील पसरट पाय हे पोहण्याचे होत. ते दोघांनाही असतात, त्यांची गणना यात करू नये. नवशिक्या माणसाचा घोटाळा बहुधा येथेच होतो. ताजा जवळा पारदर्शक असून त्याचे काळे डोळे उठून दिसतात व शेपटीच्या पंख्यावर तांबूस खूण असते. पण सुकल्यावर रंगाचा भरवसा धरता येत नाही, पायांचा धरता येतो.

या साऱ्या प्राण्यांच्या वर्गास शास्त्रात दशपाद म्हणजे दहा पायांचे असे नाव आहे, आणि जवळ्याचे चालते पाय तर सहाच. मग तो या वर्गात कसा, असा प्रश्न चौकस शेतकरी विचारील. त्याचे उत्तर असे की, वर्गीकरण एका खुणेवर उभे नसते. जवळ्याचे कवच, कल्ले, पोटाचे खंड व प्रजननाची रीत ही कोळंबीच्या गोताची आहेत. मागचे पाय तेवढे वंशपरंपरेत नाहीसे झाले आहेत. आपल्या किनाऱ्यावरील मुख्य जवळ्यास आंरी मिल्न एडवर्ड्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३० मध्ये ‘असेटीस इंडिकस’ असे शास्त्रीय नाव दिले.

करंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक जाती मात्र खरोखर दुसऱ्या गोतातील आहेत. त्या ओळखण्यासाठी नग आडवा ठेवून पोटाच्या खंडांची बाजूची झाकणे पाहावीत. कोळंबीत व जवळ्यात ती छपरावरील कौलांसारखी असतात. पुढचे झाकण मागच्यावर चढलेले असते. या करंदीत दुसऱ्या खंडाचे झाकण पुढच्या व मागच्या अशा दोन्ही झाकणांवर पसरलेले असते. शिवाय तिच्या पायांच्या तिसऱ्या जोडीस चिमटा नसतो. कोळंबीच्या पहिल्या तिन्ही जोड्यांस तो असतो. कपाळावरील काटा लांब, तलवारीसारखा वर वळलेला दिसला आणि मागचे पाय सुतासारखे बारीक असले, तर शंका उरत नाही.

अंड्यांचा भेद तर भिंगावाचूनही दिसतो. करंदीची मादी अंडी पोटाखाली चिकटवून फुटेपर्यंत वागविते. कोळंबी व जवळा ती पाण्यात सोडून देतात. या व कल्ल्यांच्या रचनेच्या भेदावरून बर्केनरोड याने १९६३ मध्ये दशपादांचे दोन मोठे विभाग पाडले, आणि त्या मांडणीत करंदी ही खेकडा व शेवंड यांच्या बाजूस जाते. दिसण्यात कोळंबीची सख्खी बहीण वाटणारी करंदी नात्याने तिच्यापासून दूर, आणि पाय गमावलेला जवळा जवळचा! बाजारातील डोळ्यास हे सहसा पटत नाही.

आता पिल्ले टोपलीत येतात कशी, ते पाहू. वाघीसारख्या कोळंबीची अंडी समुद्रात फुटतात. पिल्ले अर्ध्या इंचाच्या आसपास झाली की भरतीबरोबर खाड्यांत शिरतात, तेथे वाढतात व मग समुद्राकडे परततात. डहाणूसारख्या खाड्यांच्या मुखाशी बारीक आसाचे जाळे लावले तर ती त्यात सापडणारच. डोल जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर उघडे राहते आणि पाण्याबरोबर येईल ते गोळा करते. जवळ्यासाठी त्याच्या शेपटाचा आस बारीकच ठेवावा लागतो. त्यामुळे जवळ्याचे जाळे सर्वत्र वाईट असे म्हणणे अन्यायाचे होईल. खोल पाण्यात ज्या दिवशी शंभरांत दोन-चार पिल्ले येतात आणि खाडीच्या तोंडाशी ज्या दिवशी निम्मी येतात, ते दोन दिवस सारखे नव्हेत. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने जाळ्यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनास दिला आहे; परंतु कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात जाळे आवरावे, हे गावाला आपल्या मोजणीवरूनही ठरविता येते.

यासाठी प्रत्येक खेपेस शंभर नग मोजावेत. तीन जोड्यांचे किती, पाच जोड्यांचे किती, आणि पाच जोड्यांपैकी दुसऱ्या खंडाचे झाकण दोन्हीकडे पसरलेले किती, हे तीन आकडे वहीत लिहावेत. सोबत जाळे लावल्याची जागा, तिथी व भरतीची वेळ नोंदवावी. तिथीवरून उधाण की भांग ते कळते, म्हणून केवळ तारीख लिहून भागत नाही. पाय तुटलेला नग मोजू नये. त्याऐवजी दुसरा घ्यावा.