अब्बांचा मोबाईल, जुना कॉम्प्युटर आणि उधारीची यादी

प्रताप नगरच्या आमच्या घरी मध्यंतरी अब्बांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची बेवा आली. मरहूम नवऱ्याच्या नावावर काही उधारी असेल तर ती चुकती करायची, एवढेच तिचे म्हणणे. अब्बांचे वय 82. ते म्हणाले, "हिशेब मिटला असावा." पण "असावा" या शब्दावर खाते बंद होत नाही.

यादी होती विंडोज 7 च्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, इनपेजवर उर्दूत टाइप केलेली. त्या पडद्यावरची अक्षरे अब्बांना आता दिसत नाहीत. मोबाईलवर दोन बोटांनी अक्षर मोठे होते, म्हणून यादी त्यांना मोबाईलवर हवी होती. मोबाईल केबलने जोडला, तर तो नुसता चार्ज होऊ लागला. एका दुकानदाराने सल्ला दिला, दोन्ही वस्तू बदलून टाका. मीही पैसे काढायच्या बेतात होतो. मग वाटले, ठाणातला एक धागा तुटला म्हणून आपण अख्खी गाठ परत पाठवतो काय?

आधी केबल तपासली. काही स्वस्त केबलींमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. दुसरी केबल लावली. मग मोबाईलचा पडदा वरून खाली ओढून, यूएसबीच्या सूचनेत "चार्जिंग" ऐवजी "फाइल ट्रान्सफर" निवडले. कॉम्प्युटरला मोबाईल लगेच दिसला. पेनड्राइव्हने काम करणार असाल तर तो एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला ठेवावा. एनटीएफएसचा पेनड्राइव्ह अनेक अँड्रॉइड मोबाईल वाचत नाहीत. फॉरमॅट करताना आतले सर्व पुसले जाते, हे मात्र विसरू नये.

फाइल मोबाईलमध्ये गेली, पण उघडेना. खरी अडचण इथेच होती, आणि ती नवा मोबाईल घेऊनही सुटली नसती. कापडाच्या चिठ्ठीवर आपण खरेदीचा भाव खुणेच्या अक्षरांत लिहितो. किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच तो भाव वाचता येतो. इनपेज 1994 मध्ये आले तेव्हा प्रत्येक अक्षराला त्याने स्वतःचा क्रमांक दिला. किल्ली त्याच्याच जवळ राहिली. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या मराठी फाइलींचेही तेच होते. फाँट नसला की मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच असतो. त्याची पहिली आवृत्ती 1991 ची, पण आपल्या दुकानांपर्यंत पोहोचायला त्याला फार वर्षे लागली.

तातडीचा उपाय पीडीएफचा. विंडोज 7 मध्ये पीडीएफ बनवण्याची सोय आयती मिळत नाही, तसा प्रोग्रॅम वेगळा टाकावा लागतो. विंडोज 10 पासून ती सोय आतच आहे. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो, त्यामुळे पान जसेच्या तसे दिसते. अब्बांनी यादी वर सरकवत नेली. त्या गिऱ्हाइकाची शेवटची रक्कम जमा, बाकी शून्य. बाईंना त्याच वेळी फोन केला.

पुढच्या कामासाठी यादी युनिकोडमध्ये करून घ्यावी, म्हणजे नाव टाकून शोधता येते. मात्र असे रूपांतर झाल्यावर आकडे एकेक करून जुन्या यादीशी ताडून पाहावेत. उर्दू उजवीकडून, आकडे डावीकडून. 125 चे 521 झाले तर भांडणच. मूळ फाइलीच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 रोजी संपला. तो कॉम्प्युटर चालतो, पण त्यावर बँकेचे काम करू नये. मी तर त्याचे इंटरनेटच काढून टाकले. सेकंडहँड घ्यायचा झाला तरी विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, हे भाव करताना ध्यानात असू द्यावे.

आता अब्बांची तक्रार निराळीच आहे. युनिकोडची यादी त्यांच्या मोबाईलवर नस्ख वळणात दिसते, आणि नस्तालीकशिवाय उर्दू म्हणजे त्यांच्या मते बिनइस्त्रीचा कुर्ता. त्यांच्यासाठी पीडीएफच ठेवली आहे.