पास्त्याचा आकार बदलला की काय बदलतं?

"बाई, आकार बदलला की चव बदलते का?" डब्यातल्या पास्त्यावरून पाचवीतल्या एका मुलीने विचारलं. मी चटकन म्हटलं, "नाही गं, पीठ तेच, फक्त साचा वेगळा." घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं की माझं उत्तर चुकलं. पीठ सगळीकडे तेच नसतं आणि साचाही बऱ्याचदा नसतोच. 'हवामान, पीक आणि आहार' शिकवताना हे उदाहरण छान वापरता येईल, म्हणून इथे लिहिते आहे.

फळ्यावर इटलीचा नकाशा काढा. बुटासारखा देश, मुलांना लगेच लक्षात राहतो. बुटाच्या टाचेचा भाग म्हणजे पुल्या. हा भाग उष्ण आणि कोरडा. इथे ड्युरम गहू पिकतो, कठीण दाण्याचा, पिवळसर. (आपल्याकडचा बन्सी गहू हा ड्युरमच.) त्याचा बारीक रवा नुसत्या पाण्यात घट्ट मळतात, अंडं नाही. मग कणकेची बारीक वळी करून छोटे तुकडे कापायचे, तुकडा सुरीने पाटावर दाबत ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. झालं ओरेकिएत्ते, म्हणजे 'छोटे कान'. बारी शहराच्या जुन्या भागात बायका आजही घराबाहेर गल्लीत बसून हे कान वळतात. सोबत असते सलगमच्या जातीची कडसर पालेभाजी, लसूण, ऑलिव्ह तेल आणि बऱ्याचदा अँकोव्ही ही खारवलेली छोटी मासळी. कानाच्या खळग्यात भाजी आणि तेल बसतं, बाहेरच्या खरबरीत बाजूला चिकटतं. म्हणजे आकाराने घासाची चव बदलली की नाही?

आता वर या. उत्तरेला पो नदीचं सुपीक खोरं, तिथे मऊ गहू. या पिठाला अंड्याने बांधणी येते, म्हणून बोलोन्या शहरात अंडं घालून पातळ पोळी लाटतात आणि तिच्या लांब पट्ट्या कापतात. हे तालियातेल्ले. त्यावर रागू, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला मांसाचा रस्सा. हॉटेलांत मिळणारी 'स्पगेटी बोलोनेझ' बोलोन्याची परंपरा नाही. गुळगुळीत स्पगेटीवर खिमा टिकत नाही, ताटात खाली उरतो. रुंद, खरबरीत पट्टी तो धरून ठेवते.

गणिताच्या शिक्षकांसाठी इथे एक गंमत आहे. शिजलेल्या तालियातेल्लेची रुंदी ८ मिलिमीटर असावी असं ठरवून १९७२ साली सोन्याची एक पट्टी बोलोन्याच्या व्यापार मंडळात जमा केली. ही रुंदी म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, असं सांगतात. मनोरा साधारण ९७ मीटरचा. मुलांना भागाकार करू द्या.

आणखी वर आल्प्सच्या कुशीतल्या वाल्तेल्लिना खोऱ्यात थंडी जास्त. तिथे थोड्या दिवसांत येणारा कुट्टू पेरत. म्हणून तिथला पित्झोक्केरी करड्या रंगाचा, कोबी, बटाटा, लोणी आणि चीज घालून केलेला. लिगुरियाच्या किनाऱ्यावर तुळशीच्या एका जातीची, बेझिलची चटणी म्हणजे पेस्तो. ती त्रोफिये या पिळदार पास्त्याला लावतात. बटाटा आणि घेवड्याच्या शेंगा पास्त्याच्याच पाण्यात उकडतात.

वाळवलेल्या पास्त्याचं गाव म्हणजे नेपल्सजवळचं ग्रान्यानो. पूर्वी तिथे रस्त्यावर काठ्यांवर पास्ता वाळत घालत, आपल्या शेवयांसारखाच. १९६७ च्या कायद्याने इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरमचाच करायचा असं ठरलं.

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांतलं एक वाक्य मात्र खोडाच: 'मार्को पोलोने चीनमधून पास्ता आणला.' तो परतला १२९५ मध्ये. भूगोलकार अल इद्रिसीने ११५४ मध्येच सिसिलीत शेवयांसारखा पदार्थ बनत असल्याची आणि जहाजांनी बाहेर जात असल्याची नोंद केली आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी आधी माझं उत्तर मागे घेतलं. मग एक वाटी बारीक बन्सी रवा कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवला. (सुरी मुलांच्या हाती देऊ नका, बोटाने दाबलं तरी चालतं.) प्रत्येकाच्या अंगठ्याप्रमाणे कान लहान-मोठे झाले. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिचे सगळ्यात छोटे.