दुसऱ्यांच्या मनोऱ्यात

अगं, पुढच्या शनिवार-रविवारी तू आमच्या लेस्टरच्या मंडळींबरोबर पहिल्यांदाच डेव्हनला चर्चच्या घंटा वाजवायला येते आहेस, तर चार गोष्टी आधीच सांगून ठेवते. बहुतेक आमच्या मनोऱ्यातल्या एका निवृत्त पोस्टमन आजोबांनी मला सांगितलेल्या आहेत. एक मात्र मी तळहातांची सालं काढून शिकले.

परक्या मनोऱ्यात दोराला हात लावण्याआधी विचारायचं, ‘घंटा वर आहे की खाली?’ आपल्या देवळात घंटा जागेवर असते आणि आपण लोलक हलवतो. इथे अख्खी घंटा चाकावर पूर्ण फेरा घेते. ‘वर’ असली म्हणजे तोंड आभाळाकडे करून, एका लाकडी काठीच्या आधारावर तोल सांभाळत उभी असते. खाली लोंबणारा दोर मात्र दोन्ही वेळा सारखाच गरीब दिसतो.

त्या काठीला ‘स्टे’ म्हणतात. ती अ‍ॅशच्या लाकडाची असते आणि वेळ आली तर मोडावी म्हणूनच असते. ती मोडते म्हणून वरची चौकट वाचते. माझी घरची घंटा अर्ध्या टनाची. डेव्हनमधल्या एका खेड्यात हातात आली जेमतेम दोनशे किलोची, आणि मी सवयीच्या जोराने ओढली. वरून काडकन आवाज आला आणि दोर सुसाट वर निघाला. मी वेड्यासारखी धरून राहिले. टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या तेव्हा कुठे सोडला. नव्या काठीचे पैसे भरले, आणि आठवडाभर पोळ्या तुझ्या काकांनी लाटल्या. म्हणून सांगते, असं झालं तर दोर सोड आणि भिंतीला टेकून उभी राहा. वर बघत बसू नकोस. नवी घंटा असेल तर पहिले दोन-चार ठोके हलक्या हाताने घे. तिचा स्वभाव तीच सांगते. दोर लांब वाटला तर शेपटाची गाठ बदलून घे, आपल्या उंचीला लाकडी खोका माग. त्यात लाजायचं काही नाही, मी आजही खोक्यावरच उभी असते.

नजर आपल्या दोरावर नको. ज्याच्यामागून आपला ठोका पडायचा त्याच्या दोरावर ठेव.

आपली मंडळी गणिताची. सहा घंटांचे ७२० क्रम, एकही पुन्हा न येता, तोंडपाठ वाजवतील. डेव्हनच्या खेड्यांत मात्र जुनी रीत वेगळी आहे. तिथे एक जण प्रत्येक बदल ओरडून सांगतो, आणि सगळं लक्ष ठोके समान अंतराने पडण्यावर. घंटा वर चढवतात त्याही एकत्र, तालात, आणि तशाच उतरवतात. आपले काही जण याला सोपं समजतात. मला विचारशील तर कान त्यांचेच तयार आहेत. त्यांच्यासमोर पाठांतर मिरवू नकोस.

बाकी किरकोळ. मनोऱ्याचे जिने गोल आणि अरुंद, म्हणून एक हात मोकळा ठेव. पिशव्या दोरांखाली नकोत, केस बांधलेले हवेत. जुलै असला तरी स्वेटर घे. दुपारी पबमध्ये शाकाहारी म्हणजे बहुधा चीज घातलेला भाजका बटाटा, तेव्हा दशम्या आणि लसणाची चटणी मी आणते आहे. घंटांच्या देखभालीच्या पेटीत टाकायला सुटे पाउंड ठेव. दिलेली वेळ संपली की थांबायचं, कितीही रंगात आलेलं असो. शेजारच्या घरात कुणाचं तान्हं झोपलेलं असतं. रविवारी प्रार्थनेआधी वाजवायचं आहे, तेव्हा तिथल्या टॉवर कॅप्टनचा शब्द शेवटचा.

आणि डिसेंबरात पुण्याला गेलीस की पंचहौदला पवित्र नाम देवालयाचा मनोरा बघून ये. तिथेही आठ घंटांचा असाच संच आहे, इंग्लंडहून नेलेला. इतकी वर्षं त्या पेठेत राहिले, पण मान वर करून कधी नीट पाहिलं नव्हतं.

गाडी शनिवारी पहाटे साडेपाचला निघते. ओढणी घरीच ठेवून ये.