गोणीला हात लावण्याआधी

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात उद्यापासून माथाडींच्या, म्हणजे ओझं वाहणाऱ्या हमालांच्या, टोळीत उभा राहणार आहेस, तर पोरा, पहिली गोष्ट ही ऐक: गोणी कुठं टेकवायची ते ठरल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. ओझं अंगावर असतं तोवर माणूस सावध असतो. टेकवताना घाई करतो आणि कंबर तिथंच धरते.

म्हणून आधी रिकाम्या हातानं वाट चालून ये. गाडीपासून गाळ्यापर्यंत कांद्याची सालं, सडका बटाटा, सुतळी पडली असेल तर बाजूला सार. गाडीला लावलेली फळी पावसात निसरडी होते. तिच्यावर रिकामं पोतं अंथर. फळीचं टोक पायानं दाबून बघ, आणि तिच्यावर एका वेळी एकच माणूस.

जमिनीवरची गोणी एकट्यानं डोक्यावर घ्यायची नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, पाय फाकवायचे, गुडघ्यात वाकून गोणीचे कान धरायचे आणि ती अंगालगत ठेवून उठायचं. हात लांब करून धरलेलं तेच वजन कमरेवर कितीतरी जास्त भार टाकतं. हाक एकानंच द्यायची, दुसऱ्यानं तिच्यावरच उचलायचं.

गोणी ओढायचा लोखंडी आकडा शिवणीत घालू नको. शिवण उसवली की गोणी सुटते आणि ओढणारा उलटा पडतो.

डोक्यावर घेणार असशील तर चुंबळ रुंद आणि घट्ट कर. पाठीवर घेणार असशील तर वजन मानेखाली, दोन्ही खांद्यांवर बसू दे. खाली घसरलं की सगळा ताण कमरेवर येतो. ओझं घेऊन वळायचं असेल तर पावलं टाकून वळ. पाय रोवलेले आणि कंबर फिरवलेली, एवढ्यानं धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो.

थप्पी लावताना एक थर उभा, दुसरा आडवा लाव. काढताना वरून काढ. मधली गोणी ओढलीस तर वरच्या अंगावर येतील.

वजनाचंही सांगतो. पूर्वी साखरेचं, धान्याचं शंभर किलोंचं पोतं माणसाच्या पाठीवर जायचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1967 साली प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची मर्यादा सुचवली. इथं कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं, 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. गोणी पन्नास किलोंच्या वर नको, ही मागणीही माथाडींनी लावून धरली. तेव्हा जास्त भरलेली गोणी दिसली तर मुकादमाला दाखव. त्यात लाज कसली? आणि माथाडी मंडळात तुझी नोंद झाली का, ते स्वतः जाऊन बघ.

कमरेतली कळ पायात उतरली किंवा पायाला मुंग्या यायला लागल्या, तर तेल चोळत बसू नको. काम थांबव आणि डॉक्टरला गाठ. तुझ्या जोडीदाराला तसं झालं, तर त्याच्या वाट्याची गोणी टोळीनं वाटून घ्यायची.