पाते मिटते कसे, ते आधी बघा

कमरेच्या आकडीला कोयती अडकवलेली असते तोवर चाकू कोणता घ्यावा हा प्रश्न आमच्याकडे कोणाला पडत नाही. शहाळे फोडणे, झावळ तोडणे, वाटेतली काटेरी डहाळी उडवणे, सगळे तिच्यावरच. पण कोयती लावून कोणी एसटीत चढत नाही की बँकेत जात नाही. माझी कणकवलीजवळ आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका आहे. सुतळी, खताच्या गोणी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, दुपारचा आंबा, म्हणजे खिशात लहान चाकू लागतोच. हल्ली गावातली पोरेही ऑनलाइन चाकू मागवतात आणि मला दाखवायला आणतात. लोखंड कुठले, लांबी किती, मुठीला लाकूड की शिंग, हे त्यांना पाठ असते. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: हा मिटतो कसा?

कारण माझ्या भाच्याची तर्जनी. रोपांच्या पिशव्यांना बुडाशी भोके पाडायचे काम चालले होते. पाणी निचरायला ती लागतातच. खिळा शोधायचा कंटाळा म्हणून त्याने खिशातला चाकू काढला आणि टोक दाबले. पाते उलटे फिरून बोटावर मिटले. पाच टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि चतुर्थीत आरतीला टाळ वाजवायचे राहिले ते वेगळेच.

त्या चाकूत दोष काही नव्हता. जुन्या पद्धतीच्या बहुतेक खिशातल्या चाकूंना कुलूप नसते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, एवढेच. धार खाली ठेवून स्वतःकडे ओढत कापले की पाते उघडेच राहते. टोक खुपसले किंवा पात्याच्या पाठीवर जोर आला की पट्टी हार मानते. आमच्याकडे कलमे बांधायला येणारे एक म्हातारे आजोबा हे एका वाक्यात सांगायचे, "चाकू दाबूचो नसता रे, ओढूचो असता." लहान स्विस चाकू बहुतेक याच जातीचे असतात, मोठ्या आकाराच्या काहींना कुलूप येते. दुकानात घेताना पाते उघडा, बोटे पूर्ण बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर दाबून पाहा. मिटले, तर तो चाकू फक्त ओढून कापायचा. भोक पाडायला दाभण घ्या, चार पैशांत मिळते.

जखमेबद्दलही सांगतो, कारण त्या दिवशी एक जण हळद घेऊन धावला आणि दुसरा चुना. दोन्ही नको. स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. रक्त थांबले तरी बोट वाकवून पाहायचे. वाकत नसेल किंवा टोकाला बधीर वाटत असेल, तर त्याच दिवशी सर्जन गाठायचा. कंडरा किंवा नस तुटलेली असू शकते, ती उशिरा जोडणे कठीण जाते.

आता पात्याचा आकार. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या 'स्टॉकमन' चाकूत तीन पाती असतात. एक अणकुचीदार 'क्लिप', एक बोथट गोल टोकाचे 'स्पे', आणि एक 'शीपफूट', म्हणजे धार सरळ आणि पाठ पुढे उतरत जाऊन टोकाला मिळालेली. एकच पाते घ्यायचे तर मी शीपफूट घेईन. पट्ट्या, दोरा, गोणीची शिवण यांना सरळ धार पूर्ण लागते, आणि टोक पुढे आलेले नसल्याने निसटून मांडीत जायची भीती कमी. टोकदार पाते दिसायला रुबाबदार खरे, पण रोजच्या कामात त्या टोकाला फारसे काम नसते. आणखी एक, नखाने उघडायची खाच ओल्या हाताने वापरून पाहा. काजीच्या बोंडूच्या रसाने बोटे चिकट असताना कडक पट्टीचा चाकू उघडतच नाही, आणि दाताने उघडणारे मी पाहिले आहेत!

लाकडी मुठीच्या चाकूंवर माझा जीव आहे, तरी पावसाळ्यात त्यांचे भरवशाचे नाही. फ्रान्समधला ओपिनेल हा 1890 पासून बनणारा साधा, स्वस्त आणि उत्तम चाकू. 1955 पासून त्याला मानेशी फिरती कडी आली, ती फिरवली की पाते अडते. मुंबईहून आलेल्या एका शेजाऱ्याने तो चतुर्थीला आणला. आठवड्यात मुठीचे बीच झाडाचे लाकूड फुगले आणि पाते आतच बसले. मुठीचे बूड लाकडावर हलकेच आपटले की ते थोडे पुढे सरकते, फ्रान्समधले लोकही हेच करतात. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर हेच करत बसावे लागेल. सांध्यात तेल मुरवून ठेवले तर सुसह्य होते.

लोखंडाचेही तसेच. साधे कार्बन पोलाद सुंदर धार घेते, आणि कच्च्या कैरीने वा रातांब्याने तासाभरात काळे पडते, मग फोडींना लोखंडाची चव येते. मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात गंज आणखी लवकर. म्हणून खिशात स्टेनलेस, आणि कार्बन फक्त कलमाच्या चाकूला. तो चाकू वेगळाच असावा. त्याची धार एकाच बाजूने घासलेली असते, त्यामुळे पाचर कापताना काप सपाट येतो. काजूची वेंगुर्ला-4 असो की वेंगुर्ला-7, खुंट आणि काडी यांचे काप एकमेकांवर चपखल बसले नाहीत तर कलम जगत नाही. त्या चाकूने सुतळी कापणाऱ्याला मी रोपवाटिकेत पुन्हा बोलावत नाही.

बटण दाबताच उघडणारे आणि 'वक्त' चित्रपटातल्या राजकुमारच्या आठवणीने घेतलेले रामपुरी, हे दोन्ही सोडून द्या. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याला शस्त्र धरले आहे, शेती व घरकामाची हत्यारे वगळून. पण लांबी कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. निवडणूक, सण यांच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा जत्रेत खिशात चाकू कशाला आहे याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते. तीन इंचांचे शीपफूट आणि हातात कलमांची पिशवी असली की ते सोपे जाते. चिपी किंवा मोपाहून विमान असेल, तर चाकू चेक-इनच्या बॅगेत घालायला आदल्या रात्रीच काढून ठेवा. सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये सोडलेला चाकू परत मिळत नाही.